हेदवीच्या घराची वेबसाइट : आधी वहीत, मग संगणकावर

गुहागर तालुक्यातील हेदवी गावास दोन प्रकारचे पाहुणे येतात. एक गावचेच. पोटापाण्यासाठी मुंबई, ठाणे, विरार, नालासोपारा येथे गेलेले आणि मे महिन्याच्या सुट्टीत मुलाबाळांसह घराकडे परतणारे. दुसरे परके. दशभुजा गणेशाचे देऊळ, खालचा समुद्रकिनारा आणि खडकातली ती अरुंद बामणघळ पाहण्यासाठी गाड्या घेऊन येणारे. जाताना दोघांच्याही पिशवीत एकच माल असतो. आगळाची बाटली, अमसुलांची पुडी, दोन-चार फणसपोळ्या, जमल्यास आंब्याची पेटी. मग जून-जुलैत फोन येऊ लागतात. "मावशी, आगळ संपले. आणखी चार बाटल्या पाठवता का?" धंद्याची सुरुवात बहुधा अशीच होते. दुकान नाही, पाटी नाही, आणि गिऱ्हाईक मात्र दारात उभे.

अशा वेळी घरातला कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी म्हणते, आपण वेबसाइट काढू. आई विचारते, ते काय असते आणि त्याला पैसे किती? वडील म्हणतात, आधी घराला रंग काढू. तिघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर आहे, आणि या तिघांनी एकत्र बसून बोलावे यासाठीच हा लेख लिहावयाचा आहे.

लेखापुरते आपण एक घर धरून चालू. हेदवीतील बौद्धवाडीतले म्हणा. दहा-बारा हापूसची कलमे, परसात रातांब्याची चार झाडे, आगळ आणि अमसुले करणारी आई व काकू, आणि पतपेढीचे कर्ज काढून मागच्या अंगास बांधलेल्या दोन खोल्या. पर्यटकांना राहावयास द्याव्यात असा विचार. या खोल्या भरल्या तर धाकटा मुलगा गावी राहील. रिकाम्या राहिल्या तर तोही थोरल्याच्या मागोमाग मुंबईच्या गाडीत बसेल आणि हप्ते तिकडून पाठवील. वेबसाइटचा विचार या घराला हौसेखातर करावयाचा नाही.

ही वस्तू आहे तरी काय

जगातली पहिली वेबसाइट टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञाने स्वित्झर्लंडमधील सर्न या अणुसंशोधन संस्थेत तयार केली आणि ऑगस्ट १९९१ मध्ये ती बाहेरच्या जगाला खुली झाली. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने जाहीर केले की हे तंत्र कोणीही वापरावे, त्यासाठी कोणाला पैसे द्यावे लागणार नाहीत. आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांना उपलब्ध करून दिले. १९९३ ची ती घोषणा आम्हांस फार मोलाची वाटते. या पाणवठ्यावर घागर भरण्यासाठी कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही. घागर तेवढी आपली हवी.

वेबसाइटचे तीन भाग असतात आणि गावच्या माणसास ते समजावयास अवघड नाहीत. पहिला भाग नाव, ज्याला डोमेन म्हणतात. ते सातबाऱ्यासारखे समजा. ज्याच्या नावे नोंद, त्याची मालकी. फरक इतकाच की ही मालकी कायमची नसते, दरवर्षी किंवा काही वर्षांनी पैसे भरून ती चालू ठेवावी लागते. दुसरा भाग होस्टिंग, म्हणजे आपली पाने ज्या संगणकावर ठेवावयाची ती भाड्याची जागा. ही जागा बदलता येते. एका मालकाशी पटले नाही तर सामान उचलून दुसरीकडे जाता येते, पत्ता तोच राहतो. तिसरा भाग म्हणजे खुद्द पाने. त्यांवरील मजकूर, छायाचित्रे, फोन नंबर.

या तिन्हींत घात होतो तो पहिल्यात. पुष्कळ घरांत होते असे की, ओळखीतला एखादा हुशार पोरगा किंवा तालुक्याचा संगणकवाला म्हणतो, सगळे मी करतो, तुम्ही काही पाहू नका. तो नाव स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या खात्यातून नोंदवतो. त्याच्या मनात काही वाईट असते असे नाही. पण दोन वर्षांनी तो पुण्यास नोकरीला जातो, त्याचा नंबर बदलतो, मुदत भरल्याची सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर जाऊन पडते आणि एके दिवशी घराचे नाव इंटरनेटवरून नाहीसे होते. मुदत संपल्यावर थोडे दिवस सवलत मिळते, पण ती गेली की ते नाव कोणीही घेऊ शकतो. म्हणून आमचे पहिले सांगणे असे की, काम कोणाकडूनही करून घ्या, पण नाव घरातल्या माणसाच्या नावावर, घरच्या ईमेलवर आणि घरच्या मोबाइलवर नोंदवा. पासवर्ड वहीत लिहून ती वही घरपट्टीच्या पावत्यांबरोबर ठेवा. जमिनीच्या बाबतीत आपल्या वाडवडिलांनी दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून काय काय गमावले, ते कोकणात वेगळे सांगावयास नको.

पैशाचे म्हणाल तर नावाला वर्षाकाठी साधारण हजार रुपयांच्या आत-बाहेर पडतात. जागेचे भाडे साध्या वेबसाइटला काही हजारांत भागते. येथे एक युक्ती ओळखून असावे. पहिल्या वर्षाचा भाव फार कमी सांगतात आणि दुसऱ्या वर्षी तो दुप्पट-तिप्पट होतो. "पुढच्या वर्षी किती?" हा प्रश्न आधी विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावे.

नाव कोणते घ्यावे

नाव असे असावे की फोनवर एकदा सांगितले की ऐकणाऱ्यास लिहिता यावे. हेदवी हा शब्द रोमन लिपीत दोन तऱ्हांनी लिहिलेला आढळतो, मधल्या 'द'ला 'ए' लावून आणि न लावता. अशा वेळी नालासोपाऱ्यास राहणाऱ्या आत्याला फोन करावा, नाव सांगावे आणि "मोबाइलवर लिहून दाखव" म्हणावे. तिने चुकीचे लिहिले तर नावच बदलावे, आत्याला दोष देऊ नये.

'डॉट इन' हा शेपटीचा भाग भारताचा आहे. त्याची नोंद निक्सी या संस्थेच्या देखरेखीखाली होते. ऑगस्ट २०१४ पासून 'डॉट भारत' अशी देवनागरी नावेही मिळू लागली. आपल्या लिपीत आपल्या घराचे नाव इंटरनेटवर दिसावे ही गोष्ट कोणालाही आवडेल आणि जमल्यास तेही घेऊन ठेवावे. पण पहिले नाव रोमन लिपीतच घ्यावे असे आमचे मत आहे. बंगळूर किंवा नागपूरहून येणारा पाहुणा घाईत टंकताना देवनागरी कळफलक शोधत बसत नाही.

पानांवरील मजकूर मात्र मराठीत असावाच, सोबत थोडा इंग्रजीत. मराठी मजकूर युनिकोडमध्ये हवा. आपल्याकडे लग्नपत्रिका व हँडबिले छापणारे अनेक जण अजून जुन्या फॉन्टांत अक्षरजुळणी करतात. तो मजकूर तसाच उचलून वेबसाइटवर घातला तर दुसऱ्याच्या मोबाइलवर अगम्य चिन्हे दिसतात. त्यावर उपाय म्हणून काही जण अख्ख्या मजकुराचे चित्र करून लावतात. ते वाचता येते, पण कोणी गुगलवर "हेदवी आगळ" असे शोधले तर त्या चित्रातली अक्षरे सहसा शोधाच्या हाती लागत नाहीत. ओट्यावर माल मांडून वर पोते टाकावे, तसा हा प्रकार.

महिनाभर फोनची वही

आता मुख्य कामाकडे येऊ. संगणकाला हात लावण्यापूर्वी एक चाळीस पानी वही आणावी आणि फोनजवळ ठेवावी. महिनाभर ज्याचा ज्याचा फोन येईल त्याने काय विचारले ते त्याच्याच शब्दांत लिहावे. फोन आई घेत असेल तर आईने लिहावे. तिला लिहिण्याचा कंटाळा असेल तर संध्याकाळी नातीने विचारून घ्यावे. महिन्याने ती वही उघडली की तीच तुमची वेबसाइट आहे असे समजावे. प्रश्न बहुधा असे असतील. चिपळूण स्टेशनवरून कसे यायचे? खोलीत शौचालय आहे का? गाडी दारापर्यंत येते का? मासे मिळतील का, आणि शाकाहारी जेवण वेगळे कराल का? पावसात येण्यात अर्थ आहे का? मोबाइलला रेंज आहे का? आले नाही तर आगाऊ रक्कम परत मिळेल का? आणि आगळ म्हणजेच कोकम सरबत का?

या शेवटच्या प्रश्नावर थोडे थांबू, कारण त्यावर खरोखर धंदा अडतो. शहरातल्या गिऱ्हाइकास आगळ व सरबत यांतला भेद ठाऊक नसतो. आगळ म्हणजे रातांब्याचा मीठ घातलेला रस, सोलकढी व आमटीसाठी. सरबताचा अर्क साखरेत केलेला. अमसूल म्हणजे त्याच फळाची साल, रसात पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात वाळवलेली. हे न सांगता बाटली पाठवली तर तिकडे कोणीतरी आगळात पाणी घालून पितो, तोंड वाकडे करतो आणि माल खराब आहे म्हणून फोन करतो. बाटलीच्या छायाचित्राखाली चार ओळी लिहिल्या की हा तंटा मिटतो. त्या ओळी आईने सांगाव्यात आणि मुलाने टंकाव्यात. रातांबे कधी उतरवतात, मीठ किती, उन्हे किती दिवस लागतात, वळवाचा पाऊस लवकर आला तर सालींचे काय होते, हे तिला माहीत आहे. दुसऱ्याच्या वेबसाइटवरून उचललेल्या "आरोग्यदायी व नैसर्गिक" अशा शब्दांपेक्षा तिचे एक वाक्य गिऱ्हाइकास अधिक पटते. आमच्या भगिनींना येथे मुद्दाम सांगावेसे वाटते की, वेबसाइट हे मुलांचे काम म्हणून स्वयंपाकघरात बसून राहू नका. माल तुमचा आहे, तर शब्दही तुमचेच हवेत.

रस्त्याचे पानही असेच नीट करावे. कोकण रेल्वे जानेवारी १९९८ मध्ये पूर्ण मार्गावर सुरू झाली, तेव्हापासून या भागाचे मोठे स्टेशन चिपळूण. तेथून गुहागर, आणि गुहागरहून वेळणेश्वरच्या बाजूने आणखी वीस-पंचवीस किलोमीटर. पण दुसऱ्याही वाटा आहेत आणि परक्या माणसास त्या माहीत नसतात. दापोलीकडून येणाऱ्याने दाभोळला गाडीसह फेरीबोटीत चढावे आणि धोपाव्यास उतरावे. रत्नागिरी-गणपतीपुळ्याकडून येणाऱ्याने जयगडहून तवसाळास यावे. या दोन फेऱ्यांनी किती वळसा वाचतो ते नकाशा पाहिल्यावर कळते. हवामान बिघडले की फेरीबोट बंद राहते, हेही लिहावे.

बामणघळीचे एक खास पान असावे असे आम्ही सुचवतो. पर्यटक दुपारी ओहोटीच्या वेळी तेथे पोचतो, कोरडी भेग पाहतो आणि "यात काय आहे?" म्हणत परततो. पाण्याचा लोट उसळतो तो भरतीला. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. आपल्या किनाऱ्यावरील जुन्या माणसांचा हिशोब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करावी. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला सहाच्या सुमारास. हा हिशोब वेबसाइटवर दिला आणि सोबत "लाट उसळत असता कडेला उभे राहू नये, खडक निसरडा असतो, मुलांचा हात सोडू नये" असे ठळक लिहिले, तर एखादा जीव वाचेल. शिवाय भरतीची वेळ पाहण्यासाठी लोक पुन्हा पुन्हा तुमच्याच पानावर येतील. धंद्याचे गणित त्यातही आहे.

छायाचित्रे स्वतःची असावीत. दुसऱ्याचे उचलू नये, तो कायद्यानेही गुन्हा आहे. खोलीचे छायाचित्र सकाळच्या उजेडात, आहे तसे काढावे. मोबाइलने काढलेले चित्र फार जड असते, ते लहान करून लावावे. आपला पाहुणा हे पान गुहागरच्या घाटीत, रेंजची एक काडी असताना उघडणार आहे. चित्र उतरेपर्यंत तो कंटाळून दुसऱ्या घराचा फोन फिरवील.

आडनाव लिहावे का

आता ज्या प्रश्नावर घरात आवाज खाली जातो त्याविषयी. वेबसाइटवर आपले पूर्ण नाव लिहावे का? ओटीवर बुद्धाची व बाबासाहेबांची तसबीर आहे, ती छायाचित्रात येऊ द्यावी का? की नुसते 'सागर' वा 'निसर्ग' असे काही नाव देऊन बाकीचे झाकावे? देवळाला येणारा पाहुणा आपल्या घरी जेवेल का, हा त्यामागचा खरा प्रश्न. तो काल्पनिक आहे असे आम्हांस म्हणता येत नाही. आडनाव ऐकून मग गाव, मग वाडी विचारणारे अजून भेटतात.

हा प्रश्न आपल्या घराण्यात फार जुना आहे. पहिल्यांदा परदेशातून परतल्यावर, सिडनहॅम कॉलेजात १९१८ च्या नोव्हेंबरात प्राध्यापक म्हणून रुजू होण्यापूर्वी, बाबासाहेबांनी मुंबईत शेअर व रोख्यांच्या व्यापाऱ्यांना सल्ला देणारी पेढी काढली होती. धनंजय कीर यांच्या चरित्रात तिची हकिगत आहे. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाइके थांबली आणि पेढी बंद झाली. कोलंबियात अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाची ही गत. पुढे ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला, तेव्हा पुण्याच्या 'केसरी'ने त्याची जाहिरात पैसे देऊनही घेतली नाही. दुसऱ्याच्या पानावर जागा मागण्यात काय असते ते यावरून कळावे.

या प्रश्नावर आमचे मत स्पष्ट आहे. नाव लिहावे, तसबीर आहे तेथे राहू द्यावी. यात अभिमानाचा भाग आहेच, पण तो बाजूस ठेवला तरी हिशोबाने हेच पटते. जो माणूस नाव वाचून येणार नाही तो घरी बसूनच येणार नाही, त्यात आपले काही गेले नाही. पण नाव झाकल्यावर तो येतो, ओटीवर तसबीर पाहून काही निमित्त काढून उठतो, आणि ऐन मे महिन्यातली एक रात्र रिकामी जाते. ताटे वाढलेली राहतात. मुलांच्या देखत होणारा तो अपमान कोणत्या खात्यात लिहावयाचा? शिवाय माल ऑनलाइन विकणाऱ्या व्यवसायाने आपले कायदेशीर नाव, पत्ता व तक्रारीसाठी संपर्क द्यावा, असे ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत आहेच.

आणि नावामुळे येणाऱ्यांचे काय? २० मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर लोक लोटतात. तेथून बरेच जण मंडणगड तालुक्यात आंबडव्यास, बाबासाहेबांच्या मूळ गावी जातात. पुढे दापोली, जेथे लहानपणी काही काळ त्यांचे वास्तव्य होते. दापोलीहून दाभोळ, फेरीबोट, गुहागर, हेदवी. नागपूर-अमरावतीकडची जी कुटुंबे इतक्या लांबून येतात त्यांना मुलांना समुद्र दाखवावयाचा असतो, आणि संकोच न करता जेथे उतरता येईल असे घर त्यांना हवे असते. ही वाट आपल्या वेबसाइटवर एका पानात नीट लिहून ठेवली, कोणत्या दिवशी कोठे मुक्काम, फेरीबोट कोठे धरावी, तर मोठमोठ्या हॉटेलांकडे नसलेले गिऱ्हाईक या दोन खोल्यांकडे येऊ शकते. जयंतीच्या सुमारास आंबाही नुकता सुरू झालेला असतो.

दुकान लगेच नको

मुलगा म्हणेल, वेबसाइटवर बटण दाबून खरेदी करता यावी. आम्ही म्हणतो, पहिल्या वर्षी नको. काचेची आगळाची लिटरची बाटली वेष्टनासह दीड किलोच्या घरात जाते. कुरिअरचा खर्च कधी कधी मालाच्या किमतीशी स्पर्धा करतो, वाटेत एक बाटली फुटली की चार पार्सले भिजतात. पहिल्या वर्षी फक्त फोन व व्हॉट्सॲप नंबर द्यावा, सहा बाटल्यांच्या खाली पाठवणार नाही असे लिहावे, आणि कोणत्या महिन्यात काय तयार असते ते सांगावे. पेटीचे आंबे एप्रिल-मे, नवे आगळ पावसाच्या तोंडाशी, फणसपोळी त्याच सुमारास. संपले की "संपले" असे लिहावे. या एका शब्दाने विश्वास वाढतो. दोन हंगामांच्या वहीत नियमित मागणी दिसली तर मग बटणाचा विचार करावा.

हापूसला ऑक्टोबर २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांपुरते आहे. पण आपली बाग रत्नागिरीत आहे एवढ्यावर ते बोधचिन्ह वेबसाइटवर लावता येत नाही. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. परराज्यातील आंबा हापूस म्हणून खपवला जात असता ही नोंद करून घेणे बागायतदाराच्या हिताचेच आहे. खाद्यपदार्थ विकावयाचे तर अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी हवी. लहान घरगुती उत्पादकास पूर्ण परवान्याऐवजी साधी नोंदणी पुरते आणि तिचा चौदा आकडी क्रमांक लेबलावर छापावा लागतो. खोल्यांसाठी पर्यटन खात्याची निवास-न्याहारी योजना आहे. स्त्रीच्या मालकीचा पर्यटन व्यवसाय असल्यास राज्य सरकारच्या २०२३ च्या 'आई' धोरणात कर्जावरील व्याजाच्या परताव्याची तरतूद आहे. खोल्या कोणाच्या नावावर करावयाच्या हे घरात अजून ठरले नसेल तर ही माहिती जेवताना सर्वांसमोर वाचून दाखवावी.

पैसे घेण्याबाबत एक इशारा. फोनवर यूपीआयने पैसे घेण्याची सोय २०१६ पासून आहे आणि ती उत्तम आहे. पण नंबर जगजाहीर झाला की ठकही फोन करतात. ठरलेली पद्धत अशी. मी लष्करात अधिकारी आहे, आठ माणसांसाठी खोल्या हव्यात, आगाऊ पैसे पाठवतो, तुम्ही हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका. पिन टाकली की पैसे येत नाहीत, जातात. पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही, हे वाक्य फोनजवळच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवावे. तरीही फसगत झालीच तर लाजून गप्प न बसता ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे कठीण.

कोणी विचारील, गुगलच्या नकाशावर घराची नोंद फुकट होते, व्हॉट्सॲपवर मालाची यादी लावता येते, मग वेबसाइट कशाला? प्रश्न रास्त आहे. नकाशावरची नोंद तर आजच करावी, तिला पैसा लागत नाही आणि पर्यटक प्रथम तेथेच पाहतो. हात फार आखडता असेल तर पहिले वर्ष तेवढ्यावर काढावे. पण ती सगळी दुसऱ्याची पडवी आहे. नियम त्यांचे, कमिशन त्यांचे, आणि एखाद्या दिवशी खाते बंद झाले तर दाद मागावयास हेदवीहून कोठे जाणार? खोल्या आरक्षित करून देणाऱ्या मोठ्या कंपन्या गिऱ्हाईक आणून देतात खऱ्या, पण पुढच्या वर्षी तोच पाहुणा पुन्हा त्यांच्यामार्फतच येतो आणि पुन्हा कमिशन जाते. आपल्या पत्त्यावर थेट आलेला पाहुणा आपला.

कामास योग्य वेळ पावसाळा. जूनमध्ये पाहुणे थांबतात, लावणी आटोपली की दुपारी हात रिकामे असतात. तेव्हा वही उघडून पाने लिहावीत. पाच पाने पुष्कळ झाली : घर व खोल्या, माल, रस्ता, बामणघळ आणि महाड-आंबडव्याची वाट. श्रावण सरता सरता बनवणाऱ्याकडे द्यावीत. तयार झाल्यावर घरातल्या मोबाइलवर नव्हे, तर बाहेरच्या दोन-तीन माणसांच्या साध्या मोबाइलवर उघडून पाहावीत. दिवाळीच्या सुट्टीआधी सगळे चालू असले पाहिजे, कारण दिवाळी, नाताळ आणि मे हेच येथले तीन हंगाम.

राहता राहिला फोन नंबर. घरात चार मोबाइल असतील आणि रेंज मागच्या पडवीत, तीही एकाच कंपनीची, येत असेल, तर त्या कंपनीचाच नंबर वेबसाइटवर द्यावा आणि तो मोबाइल पडवीतल्या खुंटीला टांगावा. सकाळी अमसुले उलटताना काकू तेथेच असते. फोन तिनेच घ्यावा.